गोल्फचे जोडे आणि हरळीची हिरवळ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं पुष्कळांना हंसूं येईल. गोल्फ खेळणाऱ्यांच्या जोड्यांना लोखंडी खिळे असावेत कीं मऊ प्लास्टिकचे, आणि त्यांपैकीं कोणत्या खिळ्यांनीं मैदानाची अधिक हानि होते, हा प्रश्न उंद्रीसारख्या गांवांत वाढलेल्या मनुष्यानें कां हातीं घ्यावा? उंद्री म्हणजे पुण्याजवळची, आतां शहरांत विरून गेलेली उंद्री नव्हे. बुलढाणा जिल्ह्यांतील, चिखलीहून खामगांवकडे जातांना लागते ती आमची उंद्री. तेथें गोल्फचें मैदान नाहीं, आणि तें व्हावें अशी कोणाची इच्छा आजवर माझ्या कानांवर आलेली नाहीं. परंतु ज्या गवतावरून हा सगळा वाद आहे तें गवत आमच्या प्रत्येक धुऱ्यावर उभें आहे. आणि लोखंडाची टणक कड मऊ जमिनीवरून गेली म्हणजे काय होतें, हें आमच्याकडील गाडीवानांना कोणत्याहि साहेबाइतकेंच ठाऊक होतें. म्हणून हा विषय मला परका वाटत नाहीं, आणि आपणांसहि फार वेळ वाटूं नये अशी माझी खटपट राहील.

माझे एक चुलते तरुणपणीं पोटासाठीं मुंबईस गेले आणि तेथील एका गोल्फच्या मैदानावर माळ्याच्या कामाला लागले. त्या एकाच मैदानावर त्यांचीं तीस वर्षें गेलीं. पोळ्याला किंवा दिवाळीला ते गांवीं आले म्हणजे पारावर मंडळी जमे आणि कोणीतरी हटकून विचारी, “काका, तिथं दिवसभर करता तरी काय?” त्यावर त्यांचें उत्तर ठरलेलें असे: “अरे, आपून जनमभर जिले उपटतो ना, त्या हरळीले तिथं पगार घेऊन पोसतो मी.” मंडळी हंसत, त्यांना ती थट्टा वाटे. परंतु ती थट्टा नव्हती.

हरळी, जिला पूजेच्या वेळीं आपण दूर्वा म्हणतों आणि वनस्पतिशास्त्रांत जिचें नांव सायनोडॉन डॅक्टिलॉन असें आहे, तिचा स्वभाव काळ्या जमिनींत शेती करणाऱ्याला समजावून सांगावयास नको. जमिनीवर ती सरपटणाऱ्या कांड्यांनीं पसरते आणि जमिनीखालीं तिच्या पांढऱ्या मुळकांड्यांचें जाळें असतें. वखर फिरवा, डवरा फिरवा. एक कांडें ओलीला राहिलें कीं पहिल्या पावसाबरोबर तें पुन्हां हिरवें होतें. शेतकऱ्याला हा शाप वाटतो. पायांखालीं सतत तुडविल्या जाणाऱ्या मैदानाला मात्र असेंच गवत हवें असतें. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत टिफ्टन येथें ग्लेन बर्टन ह्या शास्त्रज्ञानें आपल्या ह्या हरळीचा तिच्या आफ्रिकेंतील एका बारीक पानाच्या भाऊबंदाशीं संकर घडवून आणला. त्यांतून निघालेली टिफग्रीन ही जात १९५६ मध्यें बाहेर आली, आणि तिच्यांतच पुढें आढळलेली आणखी बुटकी टिफड्वार्फ ही जात १९६५ मध्यें. ह्या संकरित हरळीला रुजणारें बीं धरत नाहीं. तिच्या कांड्याच लावाव्या लागतात. आपण जीं कांडीं वेंचून बांधावर फेकतों, तशींच कांडीं तेथें ओळीनें लावून, पाणी घालून जगवितात. उष्ण देशांतील कित्येक गोल्फ मैदानांवर अशाच कुळांतली हरळी नांदत आहे.

आतां खेळाविषयीं थोडें. आपल्या देशांत गोल्फ इंग्रजांनीं आणला आणि फार लवकर आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ मधील, मुंबईचा पहिला १८४२ मधील. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब त्या मानानें अलीकडचा, १९२७ चा. खेळाचें तत्त्व आमच्या गोट्यांच्या गलीहून फारसें निराळें नाहीं: दूरवरून चेंडू मारीत आणावयाचा आणि शेवटीं एका खळग्यांत घालावयाचा, ज्याला कमी टोले लागतील तो जिंकला. असे अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या भोंवतीं गवताचा एक पट्टा इतका तोकडा छाटलेला असतो कीं दुरून तो गालिचाच भासावा. इंग्रजींत त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. आपण त्याला हिरवळ म्हणूं. ह्या हिरवळीवर चेंडू उडवीत नाहींत, जमिनीवरून हलकेच घरंगळत नेतात.

सगळें नाजूकपण ह्या घरंगळण्यांत आहे. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षां कमी चालत नाहीं, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षां अधिक चालत नाहीं. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर. हिरवळीवरील गवताची उंची पुष्कळ ठिकाणीं तीन-चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनहि कमी, ठेवलेली असते. चेंडू वेगांत असतो तोंवर लहानसहान उंचवट्याला तो दाद देत नाहीं. परंतु खळग्याजवळ येतां येतां त्याचा जोर संपतो, आणि तेव्हां दोन मिलिमीटर वर आलेला गवताचा एक झुबकासुद्धां त्याला वाट सोडावयास लावतो. गोट्या खेळतांना आपण गलीच्या तोंडाशीं असलेला खडा बोटानें बाजूस सारीत असूं, त्याचें कारण हेंच.

मग अशा जागीं खिळ्यांचे जोडे घालून जावयाचें तरी कशाला? त्याचें उत्तर हिरवळीवर नाहीं, तें जेथून पहिला टोला मारतात तेथें आहे. टोला मारणारा मनुष्य सगळें अंग पिळवटून काठी फिरवितो. त्या क्षणीं त्याच्या पायांना जमिनींत घट्ट आधार नसेल तर पाय सरकतो, नेम चुकतो, आणि ओल्या उतारावर मनुष्यच आडवा होतो. स्कॉटलंडच्या समुद्रकांठच्या ओल्या टेकाडांवर हा खेळ वाढला; तेथें ही अडचण रोजची होती. १८५७ मध्यें तिकडे निघालेल्या गोल्फच्या एका छोट्या मार्गदर्शक पुस्तकांत दणकट जोड्यांच्या तळांना बारीक खिळे ठोकून ते खरखरीत करून घ्यावेत असा सल्ला आढळतो. पुढें ठोकलेल्या खिळ्यांच्या जागीं आट्यांवर फिरवून बसविण्याचे पोलादी खिळे आले. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळांत गोल्फचा जोडा म्हणजे एकेका तळाला अकरा-बारा लोखंडी खिळे, प्रत्येकाची लांबी सुमारें सहा ते आठ मिलिमीटर, हें समीकरण पक्कें होतें. फरसबंदीवरून मंडळी चालूं लागली म्हणजे खडखड असा आवाज येई. माझे चुलते म्हणत, “आपल्या बैलाच्या नालीचा आवाज बरा.”

खेळणाऱ्याला खिळा हवा असतो तो टोल्याच्या वेळीं, आणि त्या खिळ्याची किंमत मोजावी लागते ती हिरवळीला, जेथें टोला मुळीं मारावयाचाच नसतो. तेथें तर मनुष्य पाय हलूं न देतां नुसता वांकून उभा असतो. परंतु प्रत्येक हिरवळीच्या कडेला जोडे काढून दुसरे घालणें कोणाला जमणार? ह्या अडचणीची गोम हीच आहे, आणि वादाच्या भरांत दोन्ही बाजूंचे लोक ती विसरतात असें मला वाटतें.

आमच्या गाडीवानांना लोखंडाचा प्रताप ठाऊक होता असें मीं आरंभीं म्हटलें. जुन्या बंडीच्या लांकडी चाकावर लोखंडाची धाव चढविलेली असे. धाव लालबुंद तापवून चाकावर बसवीत, वर पाणी ओतीत, आणि ती आवळून चाकाला कायमची मिठी मारी. ही धाव जेमतेम दोन-तीन बोटें रुंद. कापसानें भरलेल्या बंडीचा सगळा भार त्या चिंचोळ्या पट्टीवरून जमिनीवर येई. वऱ्हाडांतील कापूस अशाच बंड्यांतून खामगांवच्या बाजारीं जाई. १८७० मध्यें जलंबपासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा आला तो ह्या कापसाच्याच ओढीनें. पावसाळ्यांत काळ्या जमिनींतून गेलेल्या ह्या बंड्यांनीं ज्या चाकोऱ्या पाडल्या, त्यांत बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत. पुढें हवा भरलेल्या रबरी चाकांच्या गाड्या आल्या. भार तोच, बैल तेच. परंतु रबर जमिनीला टेकतांच किंचित् पसरतें, भार अधिक जागेवर वांटला जातो आणि चाकोरी उथळ राहते. लोखंडी खिळा आणि मऊ खिळा ह्यांतील भेद पुष्कळसा असाच आहे.

पुष्कळसा, पण सगळा नव्हे. चाक सतत भार वाहत असतें. खिळा मात्र एकदां जमिनींत शिरला कीं त्याचें काम आटोपतें, कारण त्यानंतर मनुष्याचें वजन जोड्याच्या तळावर येतें. तीन-चार मिलिमीटर उंचीच्या गवतांतून आठ मिलिमीटरचा खिळा सरळ मुळांच्या माथ्यापर्यंत जातो आणि भोंक पाडतो, हें खरें. पण नुसतें भोंक ही काय मोठीशी हानि आहे? माझ्या मनांत हा प्रश्न येण्याचें कारण असें कीं, मैदानाचे माळी स्वतःच हिरवळीला हजारों भोकें पाडीत असतात. दबलेल्या मातीला हवा मिळावी म्हणून पोकळ सळयांच्या यंत्रानें ते मातीच्या लहान लहान गुळ्या उपसून काढतात आणि तीं भोकें वाळूनें भरतात. मग माळ्यानें पाडलें तें औषध आणि खेळणाऱ्यानें पाडलें तें दुखणें, असें कां?

मीं हें चुलत्यांना विचारलें होतें. त्यांनीं तोंडानें उत्तर दिलें नाहीं. अंगणांत ओली माती होती; तींत त्यांनीं एक काडी सरळ खुपसली आणि सरळ वर काढली. बारीक भोंक राहिलें. मग तीच काडी पुन्हां खुपसून, थोडी पिरगाळून, तिरपी ओढून काढली. भोंकाच्या कांठाला मातीचा ओठ वर आला आणि शेजारचें गवताचें एक कांडें मुळासकट सैल झालें. “माणूस काय सरळ पाय उचलते?” एवढेंच ते म्हणाले.

शास्त्र ह्याहून फारसें निराळें सांगत नाहीं. चालतांना टांच आधीं टेकते, मग पाऊल पुढें कलतें आणि शेवटीं बोटांच्या रेट्यानें उचललें जातें. म्हणजे खिळा ज्या कोनानें आंत जातो त्या कोनानें बाहेर येत नाहीं. बाहेर येतांना तो भोवतालचें गवत आणि माती उचकटतो. त्यांतून मनुष्य वळला, खळग्यांतला चेंडू काढण्यासाठीं एका पायावर फिरला, किंवा पाय ओढीत चालला, तर भोंकाची फाट होते. वर आलेला झुबका दुसऱ्या दिवशीं कापणीच्या यंत्राच्या पात्याखालीं सांपडून उडतो आणि तेथें मातीचा डाग दिसूं लागतो. मातीचे कण खिळ्याच्या टोकाखालीं आणि भिंतींना दाबले जातात तें वेगळेंच. माळ्याचें भोंक सरळ असतें, खोल असतें, त्यांतली माती बाहेर काढलेली असते आणि त्यांत वाळू भरलेली असते. खिळ्याचें भोंक उथळ असतें, त्यांतली माती बाजूला चेपलेली असते आणि त्याचा ओठ उचललेला असतो. दोघांना एकाच मापानें मोजणें हा अन्याय होईल.

आतां हा ओठ एकच असता तर कोणीहि तक्रार केली नसती. आपण एक लहानसा हिशेब करूं. समजा, एक खेळाडू एका हिरवळीवर पंचवीस पावलें टाकतो आणि प्रत्येक जोड्याला अकरा खिळे आहेत. एका हिरवळीवर २७५ भोकें झालीं. अठरा हिरवळींवर मिळून ४,९५०. दिवसाला शंभर खेळाडू आले तर ४,९५,०००. म्हणजे एका दिवसांत पांच लाखांना थोडीं कमी, आणि हा आंकडा मीं मुद्दाम बेतानेंच धरला आहे. शिवाय तीं सगळीकडे सारखीं पडत नाहींत. खळग्याच्या अगदीं कांठावर पाय देण्याचें सर्व जण टाळतात, पण खळग्यांतला चेंडू काढण्यासाठीं त्याच्या भोंवतीं मात्र प्रत्येकाला यावेंच लागतें. त्यामुळें खळग्याभोंवतीं तुडविलेल्या गवताचें एक कडें तयार होतें आणि मधला भाग किंचित् उंच राहतो. चेंडू त्या कड्यांत शिरतो तो आधींच दमलेला असतो. म्हणूनच माळी वेळोवेळीं जुना खळगा बुजवून नवा दुसरीकडे पाडीत असतो.

येथें हरळीची गोष्ट पुन्हां आठवावी लागते. उष्ण आणि ओलसर हवेंत हरळी इतकी झपाट्यानें वाढते कीं अशा जखमा ती पुष्कळशा आपण होऊनच भरून काढते. मुंबईच्या पावसाळ्यांत तिला थोपविणेंच कठीण. परंतु थंडी वाढली कीं ती मंदावते, आणि जेथें जमीन फार थंड होते तेथें ती झोंपीच जाते. झोंपलेल्या गवताला झालेली जखम वसंत ऋतूपर्यंत तशीच राहते. थंड देशांतील गवतें निराळ्या जातींचीं असलीं तरी कडक हिवाळ्यांत त्यांचीहि वाढ अशीच थांबते. मऊ खिळ्याचा जन्म अशाच थंड प्रदेशांत झाला हा मला तरी योगायोग वाटत नाहीं. अमेरिकेंतील आयडाहो राज्यांत बॉयसी नांवाचें गांव आहे. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेथें अर्नी डीकन आणि फॅरिस मॅकम्युलिन ह्या दोघांनीं पोलादी खिळ्याच्याच भोंकांत आट्यांनीं बसणारी प्लास्टिकची एक चकती तयार केली. हिवाळ्यांतल्या खेळानें हिरवळीचा नाश होऊं नये हा हेतु. चकतीला टोंकदार खिळा नव्हता. खालच्या अंगाला उंचवटे होते आणि तेच गवताच्या पानांना धरून ठेवीत. मुळापर्यंत जाण्याचें त्यांना कारणच उरलें नाहीं.

आरंभीं तिची टर उडाली. पाय घसरेल, हातपाय मोडतील आणि दावे लागतील, अशी भीति घातली गेली. ती अगदींच खोटी नव्हती. पहिल्या चकत्या ओल्या उतारावर लोखंडाची बरोबरी करीत नव्हत्या. परंतु मैदानांच्या व्यवस्थापकांना हिरवळींत पडलेला फरक डोळ्यांनीं दिसत होता. शिवाय क्लबांच्या लांकडी पायऱ्या, पूल आणि गालिचे हेहि वांचत होते. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेंतील बहुसंख्य मैदानांनीं लोखंडी खिळ्यांना मनाई केली, आणि इतर देशांतहि तीच चाल पडली. चकत्यांचे आकारहि सुधारले. उंचवट्यांच्या जागीं कोळ्याच्या पायांसारखे लवचिक पाय आले. धंदेवाईक खेळाडू मात्र बराच काळ लोखंडाला चिकटून राहिले, आणि त्यांपैकीं कांहीं जण अद्यापहि आहेत. ज्याची भाकरी एका टोल्यावर अवलंबून आहे त्याला घसरण्याची जोखीम पत्करा असें सांगणें सोपें नाहीं. २०१० मध्यें अमेरिकेंतील मास्टर्स स्पर्धेंत फ्रेड कपल्स हा जुना नामवंत खेळाडू, तळाला नुसते रबरी उंचवटे असलेले, साध्या बुटांसारखे दिसणारे जोडे घालून उतरला तेव्हां लोकांनीं त्याच्या खेळापेक्षां त्याच्या पायांकडेच अधिक पाहिलें. तेव्हांपासून बिनखिळ्यांचे जोडेहि रूढ झाले.

ह्या प्रकरणांतील एक गोष्ट मात्र मला कायद्याच्या दृष्टीनें फार विचित्र वाटत आली. चेंडू आकाशांतून हिरवळीवर आदळला म्हणजे तेथें खळी पडते. ती खळी स्वतःचा टोला मारण्यापूर्वीं बुजविण्याची मुभा खेळाडूला पूर्वींपासून होती. परंतु पुढें गेलेल्या मनुष्याच्या खिळ्यानें उचकटलेलें गवत आपल्या चेंडूच्या वाटेंत असेल तर तें दाबून सारखें करण्यास नियमांची बंदी होती. एकानें नुकसान करावें, दुसऱ्यानें तें सोसावें आणि हात लावला तर दंडहि त्यालाच व्हावा! जो सकाळीं लवकर खेळे त्याला कोरी हिरवळ मिळे, आणि दुपारीं येणाऱ्याला शंभर जणांच्या पायांची रांगोळी. माळ्याच्या कष्टाचें फळ पहिल्या दहा जणांतच संपे. हा नियम १ जानेवारी २०१९ पासून बदलला. गोल्फचे नियम ठरविणाऱ्या स्कॉटलंड आणि अमेरिका येथील दोन्ही संस्थांनीं मिळून नवें नियमपत्र काढलें, त्यांत जोड्यांनीं झालेली हिरवळीची हानि खेळण्यापूर्वीं दुरुस्त करण्याची परवानगी आहे. लोखंडी खिळे बहुतेक नाहींसे झाल्यावर ही परवानगी मिळाली. गरज सर्वांत मोठी होती त्या काळीं ती नव्हती.

ह्यावरून मऊ खिळा म्हणजे साधुपुरुष असा ग्रह कोणी करून घेऊं नये. मिशिगन राज्य विद्यापीठांतील तृणशास्त्राच्या अभ्यासकांनीं निरनिराळ्या तळांचे जोडे हिरवळीवर चालवून त्यांच्या खुणा तपासल्या आहेत. नुसत्या प्लास्टिकनें काम भागत नाहीं. चकतीच्या पायांचा आकार, त्यांची टणकी, तळाला असलेले इतर उंचवटे, ह्या सर्वांवर ठसा अवलंबून असतो, आणि मऊ म्हणविणाऱ्या तळांतहि कांहीं सौम्य तर कांहीं बरेच दांडगे निघतात. बिनखिळ्यांचा जोडासुद्धां, त्याचे उंचवटे दाट आणि कडांना धारदार असले तर, वळतांना गवत खरवडतो. पण त्याची जखम निराळ्या जातीची असते. लोखंड मुळाला दुखवितें आणि माती उचलतें. मऊ तळ पानाला चेपतो, घांसतो. हरळीचें चेपलेलें पान वाढीच्या दिवसांत लवकर सांवरतें, तुटलेलें कांडें पुन्हां बसण्यास मात्र अवधि लागतो. भाराचें म्हणाल तर जोड्याला कोणताहि खिळा लावल्यानें मनुष्याचें वजन कमी होत नाहीं. जमीन तुडविली जावयाची ती जातेच. त्यावर उपाय जमिनीच्या बांधणींत आहे: १९६० मध्यें अमेरिकेच्या गोल्फ संघानें हिरवळीची जी बांधणी सुचविली तींत खालीं सुमारें दहा सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर सुमारें तीस सेंटिमीटर मुख्यतः वाळूचा थर असतो, कारण वाळू चिकणमातीसारखी दबून घट्ट होत नाहीं. आमच्या काळ्या जमिनीवर तशीच हिरवळ केली तर पावसाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत वीतभर भेगा, ह्यांतच ती संपेल. मग खिळा कोणताहि असो.

पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या देशांतील कित्येक मैदानांवर दुसराच मार्ग काढला गेला. तेथें खळग्याभोंवतीं गवतच ठेवीत नाहींत. वाळूंत तेल कालवून त्याचा गुळगुळीत थर करतात. हिरवा रंग नसल्यामुळें इंग्रजींत त्याला ‘ब्राउन’ असें नांव पडलें. त्यावर लोखंडी खिळा पडो कीं अनवाणी पाय पडो, ठसा उमटतोच. म्हणून खेळ झाला कीं फळीसारख्या अवजारानें तो पुसून काढतात. आमच्याकडे सारवलेल्या अंगणावर कोणी जोडे घालून आला तर आजी न बोलतां पोतेरें घेई, त्याची मला आठवण होते. त्या वाळूला झालेली जखम दोन मिनिटांत भरते. तिला मूळ नाहीं, कांडें नाहीं, ऋतु नाहीं.

माझ्या चुलत्यांच्या नोकरीचा पूर्वार्ध लोखंडी खिळ्यांत गेला आणि उत्तरार्ध मऊ खिळ्यांत. काम किती हलकें झालें असें मीं त्यांना एकदां विचारलें. पूर्वीं पहांटे कापणीच्या आधीं दोन माणसें गुडघे टेकून उचकटलेले झुबके अंगठ्यानें दाबीत बसत. तें काम जवळजवळ बंद झालें, असें ते म्हणाले. अंगठ्याच्या पेरावर त्यांना त्या कामाचा घट्टा पडला होता, तो मीं पाहिला आहे. मात्र एक नवी कटकट आली होती. मऊ चकती झिजते. तिचे पाय बोथट झाले कीं खेळाडूचा पाय ओल्या गवतावर सरकूं लागतो. तो सांवरण्यासाठीं जोरानें रेटा देतो, आणि त्या रेट्यानें गवत सोललें जातें. लोखंडी खिळा वर्षभर चाले, म्हणून मंडळींना तळ पाहण्याची संवयच नव्हती. चकती मात्र तिचे पाय आखूड दिसूं लागतांच किल्लीनें फिरवून काढावी आणि नवी बसवावी लागते. ठराविक चकत्या आणि किल्ली क्लबांतच मिळते, आणि पांच मिनिटांचें काम आहे. तरीहि पुष्कळ जण वर्षानुवर्षें झिजलेल्या तळांनीं खेळत, आणि घसरले कीं दोष प्लास्टिकला देत.

आणखी एक गोष्ट ते सांगत. भल्या पहांटे हिरवळीवर दंव असे तेव्हां आदल्या संध्याकाळीं उशिरां खेळून गेलेल्यांच्या पावलांच्या वाटा त्यावर स्पष्ट दिसत. कोण पाय उचलून चालला आणि कोण ओढीत गेला, कोणत्या जोड्याची उजवी टांच झिजलेली आहे, हें त्यांना त्यावरून कळे. कित्येक सभासदांना त्यांनीं जवळून कधीं पाहिलेंहि नव्हतें. पण त्यांच्या पायांची त्यांना ओळख होती. त्यांतल्या एका सभासदाची वाट दिसली कीं तेवढ्या पट्ट्यावर ते त्या दिवशीं वाळूची पाटी आधीं नेत.